राणी पार्लरमध्ये काय करत होती?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीला शिकवते. वर्गात बत्तीस मुलं, बहुतेकांच्या घरी मराठी. या महिन्याचा विषय ‘राजा-राणी’. मुलांना चार इंग्रजी गाणी तोंडपाठ झाली आहेत, पण ‘राणी काय खात होती?’ असं इंग्रजीत विचारलं की ती गप्प बसतात, नाहीतर सगळं गाणं पहिल्यापासून म्हणून दाखवतात. शब्द कसे वाढवायचे आणि मुलांना बोलतं कसं करायचं?

ताई, मुलं उत्तर द्यायचं सोडून गाणंच पहिल्यापासून म्हणतात हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण खरी अडचण त्यातच दिसते. त्यांच्या दृष्टीने ते गाणं म्हणजे अजून एकच लांबलचक शब्द आहे. ‘सिंग अ साँग ऑफ सिक्सपेन्स’मधल्या ‘पॉकेटफुलऑफराय’ यात तीन शब्द आहेत हे त्यांना माहीतच नाही. आपणही लहानपणी गणपतीच्या आरतीत ‘फणिवरबंधना’ऐवजी खुशाल ‘फळीवर वंदना’ म्हणत होतो आणि आपलं काही अडत नव्हतं. गाणं आधी नादाने आत जातं. तेवढं काम तुम्ही केलेलं आहे आणि ते वाया गेलेलं नाही. आता त्या नादातून एकेक शब्द सुटा करायचा आहे.

दुसरी अडचण तुमच्या प्रश्नात आहे. राणी काय खाते हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे हे मुलालाही माहीत आहे. मग तो प्रश्न परीक्षेचा होतो. चुकलं तर काय, या भीतीने मूल गप्प बसतं किंवा पाठ असलेल्या ओळीचा आधार घेतं. ज्याचं उत्तर गाण्यात नाही असा प्रश्न आला की गप्पा सुरू होतात.

पुढे जे सांगते ते माझ्या पंचवीस वर्षांच्या शिशुवर्गातून आलेलं आहे. पहिली नऊ वर्षं मराठी बालवाडीत, पुढची इंग्रजी माध्यमात. सगळं जसंच्या तसं तुमच्याकडे चालेल असं नाही. साडेतीन वर्षांच्या मुलांकडून चर्चेची अपेक्षा मी ठेवत नाही, त्यांना हावभाव आणि एखादा शब्द पुरतो. साडेचार-पाचच्या पुढे खरी मजा येते. वर्गात अहिराणी, गोरमाटी किंवा हिंदी बोलणाऱ्या घरची मुलं किती आहेत, यावरही बरंच ठरतं. आणि शाळा वर्गात मराठी बोलू देते की नाही, यावर तर सगळ्यात जास्त.

कारण माझी पद्धत एका वाक्यात सांगायची तर ती अशी आहे: गप्पा घरच्या भाषेत, शब्द गाण्याच्या भाषेत. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात जे चाललेलं असतं ते त्याच्या इंग्रजीच्या कितीतरी पुढे असतं. ‘का?’ इंग्रजीत विचारलंत तर त्याच्याकडे ‘येस’ आणि ‘नो’ एवढंच आहे. तेच मराठीत विचारा, तो तुम्हाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोडणार नाही. संस्थेने हरकत घेतली तर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवा; शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिकवण्याचं माध्यम असावं, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे.

सुरुवातीची काही वर्षं मी गाण्याखाली फळ्यावर अर्थ लिहीत असे. पार्लर म्हणजे बैठकीची खोली, मेड म्हणजे मोलकरीण. मुलं तेही चालीवर म्हणायला लागली. म्हणजे एका पाठांतराची दोन झाली. ते मी सोडून दिलं.

आता कामाचं. इंग्रजी गाण्याला हात लावण्याआधी दोन दिवस उंदराच्या टोपीची गोष्ट करा. चिंधी सापडते, मग उंदीरमामा धोब्याकडे जातो, रंगाऱ्याकडे जातो, शिंप्याकडे जातो, गोंडे लावून घेतो आणि ढोल वाजवत राजवाड्यासमोर उभा राहतो. राजाने टोपी घेतली की राजा भिकारी, परत दिली की राजा मला भ्याला. ही गोष्ट आधी घेण्याचं कारण आहे. यात मुलांकडे भाषा पुरेपूर असते, त्यामुळे राजाबद्दल मत मांडता येतं हे त्यांना इथे कळतं. मी विचारते, ‘तुम्ही राजा असतात तर टोपीचं काय केलं असतं?’ ठेवली तरी हसं, दिली तरी हसं! एका मुलाने बराच विचार करून सांगितलं होतं, ‘मी त्याला अजून एक टोपी दिली असती.’ एकदा अशा गप्पांची गोडी लागली की त्या इंग्रजी गाण्यावरही होतात.

इंग्रजी गाण्यांत मी पहिलं ‘पुसी कॅट’ घेते, कारण ते गाणं म्हणजेच प्रश्न आणि उत्तर आहे. १८०५ पासून छापलेलं सापडतं, आणि अजून ताजं वाटतं. मांजर एवढ्या लांब लंडनला राणीला भेटायला जाते आणि करते काय, तर खुर्चीखालच्या उंदराला घाबरवते! मुलांना याचं हसू येईपर्यंत पुढे जाऊ नका. हसू आलं म्हणजे अर्थ पोचला. मग एका मुलाला मांजर करा, बाकीच्यांनी तिला ‘व्हेअर हॅव यू बीन?’ विचारायचं. तिने गाण्यातलं उत्तर द्यायचं नाही, स्वतःचं द्यायचं: बाजारात, आजीकडे, एसटी स्टँडवर. सुट्टीनंतर उशिरा येणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा. आठवडाभरात तो प्रश्न गाण्यातून निघून त्यांच्या तोंडात बसतो.

या गाण्यातला एक शब्द मात्र जपून घ्या. ‘फ्रायटन’ म्हणजे घाबरवणे, घाबरणे नव्हे. आपली मुलं ‘आय फ्रायटन्ड’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘मी घाबरलो’ म्हणायचं असतं. व्याकरण सांगू नका. दोघांना उभं करा, एकजण भॉक करेल, दुसरा दचकेल. ‘कोणी घाबरवलं? कोण घाबरलं?’ हा फरक मराठीत त्यांना जन्मापासून येतो, तोच इकडे वापरायचा.

आणि मग ‘सिंग अ साँग ऑफ सिक्सपेन्स’. राजासमोर ठेवलेला पदार्थ कापला की त्यातले पक्षी गायला लागतात, राजा पैसे मोजत असतो आणि राणी पार्लरमध्ये बसून ब्रेड-मध खात असते, असं ते गाणं. यावर दोन आठवडे घालवले तरी कमी पडतात, इतकं त्यात आहे. आमच्याकडे एकीने सांगितलं होतं की राणी पार्लरमध्ये भुवया करायला गेली होती आणि भूक लागली म्हणून ब्रेड-मध खात होती. वर्गातली सगळी मुलं गंभीरपणे माना डोलवत होती. त्यांच्या गावात पार्लर म्हणजे ब्युटी पार्लर, फार तर आइस्क्रीमचं. इथे ‘चूक’ म्हणायचं नाही, कारण तिने तर्क अगदी बरोबर केला होता. मी म्हटलं, ‘आपल्याकडचं पार्लर तसंच असतं. राणीच्या घरात पार्लर नावाची एक खोली होती, पाहुणे आले की बसून बोलायची.’ हा शब्द मुळात फ्रेंचमधल्या ‘बोलणे’ या क्रियापदावरूनच आलेला आहे, म्हणजे सरळ गप्पांची खोली. मग विचारलं, ‘तुमच्याकडे पाहुणे कुठे बसतात?’ आणि जे सुरू झालं ते मी ठरवूनही घडवू शकले नसते. हॉल, पुढची खोली, ओटा, कॉटवर. घरी आजी-आजोबांना विचारून या म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कोकणातल्या आजोळची ओटी, पडवी आणि माजघर आलं, देशावरच्या वाड्याचा सोपा आला, ढेळज आली. एका ‘पार्लर’पायी मुलांना सात-आठ मराठी शब्द मिळाले, आणि ‘पार्लर’ कोणी विसरलं नाही.

‘पाय’चंही तसंच. चोवीस काळे पक्षी ‘पाय’मध्ये भाजले म्हटल्यावर मुलं स्वतःच्या पायांकडे बघतात. चित्र दाखवून फारसं भागत नाही. मी करंजी नेते. वरून पारी, आत सारण. पाय म्हणजे मोठी थोरली भाजलेली करंजी, एवढं पुरतं. मग प्रश्न, ‘सारण म्हणून पक्षी भरले, मग कापल्यावर ते गायला कसे लागले?’ हे नुसतं गंमत म्हणून नाही हं. १५९८ साली इंग्रजीत आलेल्या एका इटालियन पाककृतींच्या पुस्तकात, कापल्यावर जिवंत पक्षी उडून जातील असा पाय कसा करायचा, याची कृती दिलेली आहे. कवच आधी भाजून घ्यायचं, पक्षी मागून सोडायचे. मुलांना हे सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पक्षी भाजले गेले नाहीत, याची त्यांना खरोखर काळजी असते. आणि ब्लॅकबर्ड म्हणजे कावळा नव्हे, आपल्याकडच्या कस्तुराच्या नात्यातला गाणारा पक्षी, हेही जाता जाता सांगा.

नाण्यासाठी जुना चाराण्याचा तुकडा शोधून ठेवा. सिक्सपेन्स हे चांदीचं छोटं नाणं १५५१ पासून पाडलं जात होतं, १९८० मध्ये ते चलनातून गेलं. आपले चार आणे ३० जून २०११ ला गेले. ‘आता यात काही मिळत नाही’ असं नाणं हातात घेऊन बघायला मुलांना फार आवडतं.

‘पॉकेटफुल’ हा शब्द मात्र कधीच सोडू नका. त्यातला ‘फुल’ म्हणजे आपला ‘-भर’. खिसाभर, मूठभर, चमचाभर, ओंजळभर, सूपभर. राय म्हणजे ज्वारी-बाजरीसारखं एक धान्य. ते कुठून आणणार, ज्वारीच आणा. मुलांना मूठ भरू द्या, ‘हँडफुल’ म्हणा. चमचा भरू द्या, ‘स्पूनफुल’ म्हणा. मग गप्प बसा आणि बादली पुढे करा. दरवर्षी कोणीतरी एक जण ‘बकेटफुल!’ म्हणून ओरडतोच, आणि तो शब्द मी शिकवलेला नसतो. एका शब्दापेक्षा शब्द कसा तयार होतो ते हाती लागलं तर मूल पुढचे दहा स्वतः बनवतं. माझ्या मते तुमच्या ‘शब्द कसे वाढवायचे’ याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता या गाण्यातली माणसं बघा. राजा पैसे मोजतोय. राणी मध खातेय. बाई अंगणात कपडे वाळत घालतेय. तिघा मुलांना ही कामं करायला लावा, बाकीच्यांनी ओळखायचं. महाराष्ट्रातलं मूल लगेच अडतं, कारण त्याच्या मनात राजा म्हटलं की शिवाजी महाराज येतात. ‘राजा पैसे मोजत नाही, राजा लढतो,’ असं मला ठणकावून सांगणारी मुलं प्रत्येक वर्षी भेटतात. त्यांना तिथेच थांबवू नका. राजाने काय काय केलं पाहिजे, हे त्यांना सांगू द्या. फक्त महाराजांचं चित्र या गाण्यातल्या राजाशेजारी लावून तुलना करायला बसू नका. मुलांच्या घरी त्या चित्राला हार घातला जातो, याचं भान ठेवा. त्यांच्यासाठी भोंडल्यातलं तोरणा किल्ल्याचं आणि सात विहिरींचं गाणं वेगळ्या दिवशी घ्या. किल्ला, विहीर, कमळ, तलवार हे शब्द तिथे आपोआप येतात.

याच गाण्याच्या शेवटी पक्षी येतो आणि कपडे वाळत घालणाऱ्या बाईचं नाक तोडून नेतो. बहुतेक शिक्षिका, आपण सगळ्याच, तिथे नाकाला हात लावून हसतो आणि गाणं संपवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई चार घरची धुणीभांडी करायची. ती हसली नाही. तिने विचारलं, ‘पक्ष्यांना तर राजासाठी कोंडलं होतं ना? मग बाईचं नाक का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसंच सांगितलं आणि प्रश्न वर्गाला विचारला. कोणी म्हणालं, ती बाहेर होती म्हणून. कोणी म्हणालं, राजाच्या खोलीला दार असतं. एकजण म्हणाला, पक्ष्याला राजा कोण ते कळलं नसेल. ही चार-पाच वर्षांची मुलं होती. शेवटी त्यांनी गाण्याला दोन ओळी मराठीत जोडल्या, राणी मध घेऊन बाहेर येते आणि बाईच्या नाकाला लावते. त्या आठवड्यात ‘मेड’, ‘गार्डन’, ‘नोज’, ‘हनी’ हे शब्द मी एकदाही घोकून घेतले नाहीत आणि सगळ्यांना आले. तुम्ही ज्याला चर्चा म्हणता ती हीच. राजा-राणीची गाणी मला एवढी आवडतात ती यासाठी. त्यांत कोण वर, कोण खाली, काम कोण करतं, मार कोण खातं हे सगळं असतं, आणि न्याय-अन्यायावर मत नाही असं लहान मूल मी अजून पाहिलेलं नाही.

तुमच्या वर्गातही कोणाची तरी आई घरकाम करत असेल. म्हणून ‘मोलकरीण’ हा शब्द मी वर्गात वापरत नाही. ‘कपडे वाळत घालणाऱ्या काकू’ म्हणते.

‘क्वीन ऑफ हार्ट्स’ला पत्त्यांचा डाव न्या, कारण हे गाणं पत्त्यांवरचंच आहे. ती आपली बदाम राणी! आणि टार्ट चोरणारा ‘नेव्ह’ म्हणजे बदामाचा गुलाम. ‘बदाम सात’ खेळणाऱ्या घरातली मुलं तर त्याला बघताच ओळखतात. एकदा काही पालकांनी वर्गात पत्ते कशाला म्हणून तक्रार केली होती, तेव्हापासून मी तीन मोठी चित्रं स्वतः काढून नेते. यात राजा गुलामाला बेदम मारतो. ते गाळू नका, पण तिथे थांबा. ‘मारायला हवं होतं का? आणखी काय करता आलं असतं?’ मुलं पहिल्यांदा ‘मारा, मारा’ म्हणतात. नंतर कोणीतरी विचारतं की त्याला भूक लागली होती का. तिथून पुढे तुम्हाला काही करावं लागत नाही, फक्त एका वेळी एकाने बोलायचं हे सांभाळावं लागतं.

‘हम्प्टी डम्प्टी’ला एकच प्रश्न पुरतो: घोडे त्याला कसे जोडणार होते? गाण्यात तो अंडं आहे असं कुठेही म्हटलेलं नाही, ते मुळात कोडं आहे. आणि १७९७ च्या छापील रूपात तर राजाची माणसं आणि घोडेही नाहीत, नुसते चार विसा आणि वर आणखी चार विसा माणसं आहेत. ‘ओल्ड किंग कोल’ मी घेत नाही. पाइप आणि प्याला समजावण्यात वेळ जातो, आणि बोलण्यासारखं त्यात फारसं काही सापडत नाही.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपण फार लवकर स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मूल ‘राणी खाते’ एवढंच म्हणालं तर ‘बरोबर’ म्हणून पुढे जाऊ नका. ‘हो, राणी ब्रेड आणि मध खातेय. क्वीन इज ईटिंग ब्रेड अँड हनी,’ असं त्याचंच वाक्य थोडं मोठं करून परत द्या. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये चित्रपुस्तकांबाबत हेच दाखवलं होतं. आई-वडिलांनी नुसतं वाचून दाखवण्याऐवजी मुलाला सांगायला लावलं, त्याच्या बोलण्यात भर घातली, तर महिनाभरात मुलांच्या भाषेत फरक पडला. ती मुलं दोन-तीन वर्षांची होती आणि पालक एकेकट्या मुलाबरोबर बसले होते. बत्तीस मुलांना एकदम घेऊन ते होणार नाही. आठ जणांना सतरंजीवर घ्या, बाकीच्यांना माती किंवा ठोकळे द्या, चार दिवसांत सगळ्यांचा नंबर लागतो.

म्हणजे तुमचे पुढचे दोन आठवडे साधारण असे: दोन दिवस टोपीची गोष्ट, तीन दिवस पुसी कॅट, आणि अख्खा दुसरा आठवडा सिक्सपेन्स. बाकीची दोन गाणी मुलं म्हणत राहू देत, पुढच्या महिन्यात बघा. शब्द आठवड्याला तीन-चारच धरा.

आणि मोजायचं असेल तर चाचणी घेऊ नका. मी एक छोटी वही ठेवते. मी न विचारता, गाण्याच्या बाहेर, मुलाने तो शब्द वापरला तरच त्यात तारीख घालून लिहिते. डबा खाताना एकाने खिशातून शेंगदाणे काढून शेजारच्याला सांगितलं होतं, ‘बघ, पॉकेटफुल आणलेत.’ अशी नोंद एका मुलाच्या नावावर महिन्यातून दोनदा झाली तरी मी समाधानी असते. पालकसभेत हीच वही वाचून दाखवा. गाणं तर मुलं घरी म्हणून दाखवतातच, पण शब्द स्वतःहून असे वापरतात हे पालकांना माहीत नसतं.

तुमच्या वर्गाला ‘मग बाईचं नाक का?’ हा प्रश्न विचारलात तर मुलं काय म्हणाली ते मला जरूर कळवा.